शेवटच्या डब्याची पाटी

एका गावात एक भोळा गडी होता. गाव वाघझरी, गड्याचं नाव पुंजाजी खंडारे. भोळा म्हणजे वेडा नव्हे. वेड्याला सांगितलेलं समजत नाही. पुंजाजीला सांगितलेलं सगळं समजायचं, फक्त जेवढं सांगितलं तेवढंच समजायचं.

एकदा त्याची आई गिरजाबाई पाण्याला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "मी येईपरेंत दुधाकडे पाहत राय." पुंजाजी पाहत राहिला. दूध वर आलं, ते त्यानं पाहिलं. दूध उतू गेलं, चुलीत गेलं, चूल विझवून जमिनीवर आलं, तेही पाहिलं. गिरजाबाई परतली तेव्हा दूध उंबऱ्याशी पोचलं होतं आणि पुंजाजी उकिडवा सरकत सरकत त्याच्या मागोमाग आला होता. नजर मात्र जरासुद्धा हलली नव्हती.

पुंजाजीचा बाप रेल्वेत गँगमन होता. तो वारला, तेव्हा त्याच्या जागी पोराला घ्यायचं ठरलं. पण रेल्वेचा कायदा असा, की आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, मग नोकरी. पुंजाजीला पॉइंट्समन व्हायचं होतं. म्हणजे स्टेशनात रुळांचे सांधे बदलायचे, डबे जोडायचे-सोडवायचे आणि गाडीला झेंडी दाखवायची.

नोकरीची कुणकुण लागताच गिरजाबाईनं सोयरीक काढली. कवठा फाटकावरचा गेटमन सदाशिव ढोके, त्याची मुलगी द्वारका. पुंजाजीनं तिला एकदा पाहिलं होतं. फाटक बंद होतं, ती रुळाच्या त्या बाजूला होती, हा या बाजूला. गाडी गेली, फाटक उघडलं, बैलगाड्या गेल्या, सायकली गेल्या, आणि हा तिथंच उभा. मागच्या गाडीवानानं बैल हाकायची तुतारी टोचली तेव्हा हलला. द्वारका तोंडाला पदर लावून हसली होती. तेव्हापासून पुंजाजीचा जीव त्या फाटकात अडकला तो अडकलाच.

पण सदाशिव ढोके मोठा कडक माणूस. त्याची सारी हयात फाटकावर गेली. गाडी जात असताना एकदा त्याच्या पायावरून विंचू गेला, तरी हातातली हिरवी झेंडी खाली आली नाही. ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि विंचू दर वेळी थोडा मोठा व्हायचा. त्यानं गिरजाबाईला रोखठोक सांगितलं, "बाई, पोरगा भोळा असो का खुळा असो, मले चालते. पण गाडी जाईपरेंत जो जागचा हालत नाई, अशाच गड्याले मी पोरगी देईन. ट्रेनिंग पास होऊ द्या. नापास झाला तं आमी दुसरीकडे पाहू."

झालं. पुंजाजीनं वळकटी बांधली आणि ट्रेनिंग स्कूल गाठलं.

तिथं शिकवायला इंगोले गुरुजी होते. अंगानं बारीक, आवाजानं इंजिन. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना रुळाकडेला उभं केलं आणि सांगितलं, "गाडी अख्खी आली हे कशावरून ओळखायचं? शेवटच्या डब्याच्या पाठीवर फुलीची पाटी असते. ती दिसली की गाडी पुरी. नाही दिसली तर समजायचं, डबे तुटून मागे राहिले. ती पाटी दिसेपर्यंत झेंडी खाली करायची नाही, जागचं हलायचं नाही. कोणी बोलावो, कोणी ओढो. समजलं?"

"समजलं, गुरुजी. बिलकुल समजलं," पुंजाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला शाळेजवळच्या फाटकावर ठेवलं. फाटक उघडं होतं आणि एका धनगराची मेंढरं रूळ ओलांडत होती. शेवटची एक लंगडी मेंढी गेली, धनगर गेला, कुत्रं गेलं. तेवढ्यात स्टेशनातून फोन आला, की गाडी येते आहे, फाटक लावलं का? पुंजाजी म्हणाला, नाही. का नाही? तर मेंढरं पुरी आली नाहीत. शेवटच्या मेंढीच्या पाठीवर पाटी नाही, मागे काही सुटलेली दिसतात.

तिकडे गाडी सिग्नलजवळ शिट्ट्या मारू लागली. धनगर परत आला. त्यानं शपथा घेतल्या, मेंढरं सगळी आहेत, मी जन्मापासून ओळखतो एकेकीला. पुंजाजी म्हणाला, ओळख आहे ते ठीक, पण पाटी कुठाय? शेवटी धनगर शहाणा निघाला. त्याच्या झोळीत मेंढरांना खुणा करायचा गेरू होता. त्यानं लंगड्या मेंढीला धरलं आणि तिच्या पाठीवर ठसठशीत फुली काढली. पुंजाजीनं ती वाकून पाहिली, समाधानानं मान हलवली आणि फाटक लावलं.

इंगोले गुरुजींनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "अरे बाबा, मेंढरांना कुठं पाटी असते? रुळावर काहीही उभं दिसलं की लाल झेंडी घेऊन पुढं पळत सुटायचं आणि समोरून येणारी गाडी थांबवायची. समजलं?"

"समजलं, गुरुजी. बिलकुल समजलं."

आता त्या शाळेच्या दारात एक जुनं, कोळशाचं इंजिन शोभेला ठेवलेलं होतं. आपल्या लांबीएवढ्याच रुळाच्या तुकड्यावर ते उभं होतं, भोवती झेंडूची झाडं, आणि धुराड्यात चिमण्यांचा संसार. पुंजाजी रोज तिथून जायचा. पण रुळावर काही उभं असलं तर काय करायचं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं होतं. सकाळी तांब्या घेऊन तो त्या वाटेनं गेला आणि थबकला. रूळ आहे. रुळावर काहीतरी उभं आहे.

तांब्या तिथंच राहिला. पुंजाजी लाल झेंडी घेऊन इंजिनाचं तोंड होतं त्या दिशेनं पळत सुटला. रूळ झेंडूत संपले, पुढं डांबरी सडक लागली, तरी तो पळतच होता. त्यानं एक एस.टी. थांबवली. भाजीच्या दोन बैलगाड्या थांबवल्या. त्यामागून शाळेचे मोठे साहेब, दाभाडे साहेब, जीपमधून येत होते, त्यांनाही थांबवलं.

साहेब उतरले. काय झालं म्हणून विचारलं. पुंजाजीनं धापा टाकत सांगितलं, की साहेब, पुढं जाऊ नका, रुळावर इंजिन उभं हाये. साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाले, ते माझ्या लहानपणापासून उभं आहे. पुंजाजीला साहेबांची कीव आली. एवढी वर्षं उभं होतं आणि एकाही माणसानं लाल झेंडी दाखवली नाही.

गुरुजींनी पुन्हा कपाळाला हात लावला. "अरे, ते बंद पडलेलं इंजिन. जे जागचं हलत नाही, त्याच्यापायी पळायचं नसतं. त्याच्या चाकांना लाकडी गुटके लावायचे, साखळीनं ते जखडायचं, कुलूप घालायचं आणि चावी स्टेशनमास्तरला नेऊन द्यायची. म्हणजे उतारानं ते आपणहून चालू लागत नाही. समजलं?"

"समजलं, गुरुजी. बिलकुल समजलं."

त्या दुपारी मेसमध्ये पुरणपोळी होती. दाभाडे साहेबांनी तुपाला नको म्हटलं नाही. मग ओसरीवरच्या आरामखुर्चीत टेकले आणि त्यांना गाढ झोप लागली. पुंजाजी बादली घेऊन चालला होता. साहेब जागचे हलत नाहीत हे त्यानं पाहिलं. थोडं थांबून पुन्हा पाहिलं. खरोखरच हलत नव्हते, आणि ओसरीला उतार होता.

पुंजाजीनं बादली खाली ठेवली. खुर्चीच्या चारी पायांना गुटके ठोकले, अगदी हळू, साहेबांची झोप मोडू नये म्हणून. साखळी आणली, साहेबांच्या पोटावरून दोन वेढे दिले, खुर्चीच्या पाठीमागून नेऊन ओसरीच्या खांबाला जखडली. कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि चावी स्टेशनमास्तरला नेऊन दिली. स्टेशनमास्तरनं कशाची चावी म्हणून विचारलं नाही. रेल्वेत चावी आली की ठेवून घ्यायची असते. त्यानं ती कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि तो जेवायला घरी गेला.

इकडे साहेबांच्या खोलीत फोन वाजला. वरच्या ऑफिसचा फोन. साहेब दचकून उठले, पण खुर्ची उठू देईना. साहेबांनी जोर केला, खांब करकरला. फोन वाजून वाजून थकला. मग साहेबच वाजू लागले. सगळी शाळा गोळा झाली. स्टेशनमास्तर जेवून, पान खाऊन, चावी घेऊन येईपर्यंत पुरणपोळी पार जिरून गेली होती.

साहेब संतापानं लाल झाले होते. ते म्हणाले, या पोराला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा. पुंजाजीला त्या क्षणी फाटकाच्या पलीकडे उभी असलेली द्वारका दिसली आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इंगोले गुरुजींनाही वाईट वाटलं. ते मध्ये पडले, म्हणाले, "साहेब, पोरगं मनाचं वाईट नाही. आणि बांधलं मात्र अगदी कायद्याप्रमाणे होतं."

साहेबांनी पोटावरचे वळ चोळले. "ते मला मान्य आहे," ते म्हणाले. "सुटलं नाही." आणि आणखी एक चूक झाली तर घरी, एवढ्यावर त्यांनी प्रकरण मिटवलं.

गुरुजींनी पुंजाजीला बाजूला घेतलं. "हे बघ, आता तू आपल्या मनानं काही करायचंच नाही. कोणी काही सांगितलं, की शब्द न शब्द त्याला परत म्हणून दाखवायचं. समोरचा 'बरोबर' म्हणाला, की मगच हात लावायचा. रेल्वेत फोनवर हुकूम असाच घेतात. समजलं?"

पुंजाजी शहाणा झाला होता. तो म्हणाला, "आता तू आपल्या मनानं काही करायचंच नाही. कोणी काही सांगितलं, की—"

"बरोबर, बरोबर," गुरुजी म्हणाले आणि निघून गेले.

येत्या रविवारी कवठ्याला मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. पुंजाजी धुतलेला सदरा घालून आईसोबत गेला. सदाशिव ढोके दारात उभा होता. त्यानं हात जोडले, म्हणाला, "या, बसा."

"या, बसा," पुंजाजी म्हणाला, आणि उभाच राहिला.

सदाशिवला वाटलं, पोराला लाज वाटते आहे. त्यानं विचारलं, गाडीला गर्दी होती का? पुंजाजीनंही विचारलं, गाडीला गर्दी होती का? द्वारकाच्या मामानं नाव विचारलं, पुंजाजीनं मामाला नाव विचारलं. गिरजाबाईनं कोपरानं ढोसलं, "अरे, नीट बोल ना." पुंजाजीनं आईला नीट बोलायला सांगितलं. मामा चवताळून उठला. म्हणाला, हा पोट्टा आपली नक्कल करून राह्यला, याले गाडीत बसवून द्या. सदाशिवच्या कपाळावर आठ्या चढल्या. गिरजाबाईनं पदरात तोंड लपवलं. लग्न मोडायला एवढं पुष्कळ होतं.

तेवढ्यात द्वारका पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली. ती पुंजाजीसमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "पोहे घ्या."

"पोहे घ्या," पुंजाजी म्हणाला. हात मात्र पुढं केला नाही.

द्वारकानं त्याच्याकडे पाहिलं. ती फाटकावर वाढलेली पोरगी. बाप फोनवर कसा बोलतो हे पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. तिचे डोळे हसले. ती म्हणाली, "बरोबर."

पुंजाजीनं ताटली घेतली, खाली बसला आणि पोहे खाऊ लागला. सदाशिवनं मांडीवर थाप मारली आणि मामाला म्हणाला, "अरे, थो नक्कल नाई करून राह्यला. थो ड्युटीवर हाये." मामाला काही कळलं नाही, पण तो बसला. मुलगी पसंत, मुलगा पसंत. राहता राहिली परीक्षा.

परीक्षेला बाहेरून एक साहेब आले होते. इतर पोरं त त प प करत होती. पुंजाजीला गुरुजींनी आधीच बजावलं होतं, की परत म्हणणं बंद, आता विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. पुंजाजीला साहेबांनी झेंडीचा नियम विचारला. त्यानं गुरुजींचे शब्द जसेच्या तसे म्हटले, मध्ये गुरुजी खोकले होते तिथं खोकलाही. साहेब खूश झाले. त्यांनी विचारलं, "समज, गाडी जात असताना पायावर विंचू चढला, तर?"

"चढू द्या, साहेब. पाटी दिसेपर्यंत मी हलणार नाई."

साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, अशीच माणसं पाहिजेत. पुंजाजी पहिल्या नंबरानं पास झाला. इंगोले गुरुजींनी निकाल दोनदा वाचला आणि गावात जाऊन मारुतीला नारळ फोडला.

मग लग्न. वाघझरीची वऱ्हाडी मंडळी सकाळच्या पॅसेंजरनं कवठ्याला आली. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, वधूवरांच्या शेल्या-शालूची गाठ बांधली. इंगोले गुरुजी आवर्जून आले होते. आहेर म्हणून त्यांनी कोऱ्या झेंड्यांची जोडी दिली, एक हिरवी, एक लाल. पुंजाजीनं ती कमरेला खोवली. मुंडावळ्यांपेक्षा ती त्याला जास्त शोभत होती असं बायका म्हणाल्या. जेवणं झाली. बुंदी सढळ होती. कवठा स्टेशनचा पॉइंट्समनही पंगतीला होता, तो बुंदीवर तुटून पडला आणि लिंबाखाली आडवा झाला तो झालाच.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं वऱ्हाड परत निघायचं होतं. कवठ्याला गाडी थांबते ती नावाला. गाडी येताच एकच धांदल उडाली. बायका पुढच्या डब्यात, पुरुष मागच्या डब्यात, भांडी-ट्रंका जिथं जागा मिळेल तिथं. सदाशिवनं लेकीला पोटाशी धरलं आणि तोंडावर उपरणं घेऊन बाजूच्या बाकावर बसला. फाटकावरचा वाघ, पण लेक सासरी निघाली होती. तो हुंदके देत होता.

द्वारका पायरी चढली. गाठ बांधलेली, म्हणून पुंजाजी तिच्या मागोमाग. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला आणि सवयीनं फलाटावर नजर टाकली. बाकावर रडणारा सासरा सोडला तर फलाट रिकामा होता. झेंडी घेऊन एकही माणूस उभा नव्हता.

गाडी झेंडीशिवाय सुटणार? त्यानं पाय काढून घेतला. पण गाठ होती, आणि लग्नातली गाठ सोडू नये म्हणतात. म्हणून त्यानं शेलाच खांद्यावरून काढला, द्वारकाच्या हातात दिला, "धर जरा," म्हणाला, आणि फलाटावर जाऊन उभा राहिला. कमरेची हिरवी झेंडी काढली, उघडली आणि हात लांब करून धरली.

गार्डनं शिट्टी दिली. गाडी हलली.

बायकांच्या डब्यात बहुतेकींना वाटलं, नवरदेव पुरुषांत बसला असेल. पुरुषांच्या डब्यात वाटलं, नवरदेव आता कशाला आपल्यात येतो. गिरजाबाईनं मात्र खिडकीतून पाहिलं आणि ओरडली, "अरे पुंज्या, चढ ना!" पुंजाजी मनात म्हणाला, कोणी बोलावो. मागच्या डब्याच्या दारातून चुलतभावानं हात पुढं करून त्याची बाही पकडली. पुंजाजी मनात म्हणाला, कोणी ओढो. बाही फाटून चुलतभावाच्या हातात गेली, नवरदेव तिथंच राहिला.

पुढच्या डब्याच्या खिडकीतून द्वारकानं हात बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा चुडा. ती तो हात जीव तोडून हलवत होती, या, लवकर या. पुंजाजीला फार बरं वाटलं. गाडीतूनही हिरवं आलं होतं. त्यानं आपली झेंडी आणखी ताठ धरली.

एकेक डबा गेला. शेवटचा डबा आला, गेला, आणि त्याच्या पाठीवर फुलीची पाटी झळकली. पुंजाजीनं ती नीट पाहिली. मग झेंडी खाली केली, व्यवस्थित गुंडाळली आणि एक दीर्घ श्वास सोडला. इतकं चोख काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

सदाशिवनं डोळे पुसले, तोंडावरचं उपरणं काढलं आणि समोर पाहिलं. समोर मुंडावळ्या बांधलेला, एका बाहीचा माणूस उभा होता. गाडी जाईपर्यंत जो जागचा हलत नाही असा जावई त्यानं मागितला होता. तो त्याला मिळाला होता.

"जवाईबापू, तुमी?" सदाशिव बाकावरून उठला. "गाडी गेली?"

"गेली, मामाजी. पुरी गेली. पाटी मी सोता पाह्यली."

"मंग नवरदेव?"

पुंजाजीनं रुळाकडे पाहिलं. दूर वळणावर धूळ खाली बसत होती. त्यानं नीट विचार केला आणि सासऱ्याच्या पाठीवर धीराचा हात ठेवला.

"तुमी घोर नका करू, मामाजी. पाटी दिसली म्हंजे मांगं कोणी राह्यलं नसते. नवरदेव बी गेला असंन."